लाल विटांची रेघ

माझं आखाडा बाळापूरच्या बाजारात सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे, आणि माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं आमच्या आईबापासाठी मातीचं घर बांधलं. पंचक्रोशीत त्या वर्षी यापेक्षा मोठी चेष्टा झाली नाही. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवता ठेवता विचारायचं, "शिवशंकरभाऊ, तुमचं सिमेंट तुमच्या बहिणीलाबी पटंना व्हय?" मी हसून वेळ मारून न्यायचो. आतून चीड यायची, पण धंद्याला बसलेल्या माणसाला चीड दाखवून कसं चालेल.

मंजुषा पुण्याला शिकून आर्किटेक्ट झाली. आमच्या भावकीत पहिलीच. आता ही पुण्यात मोठमोठ्या इमारती उभ्या करणार, असं सगळ्यांना वाटत होतं, आणि हिला वेड लागलं माती, चुना आणि बांबूचं. सुट्टीत आली की माझ्या दुकानातल्या सिमेंटच्या थप्पीवर बसून मलाच सांगायची की सिमेंट भाजायला किती कोळसा जळतो, वाळूपायी नदीचं कसं वाटोळं झालं, पत्र्याखाली उन्हाळ्यात म्हातारी माणसं कशी शिजतात. मी म्हणायचो, "बाई, हे माझ्या घरी येऊन बोल. दुकानात बोलू नको." ती हसायची. तिचं हसणं मोकळं होतं. म्हणून तर मी ते ऐकून घ्यायचो.

आमचं गाव औंढ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. तिथं अप्पा आणि माय, म्हणजे संतराम आणि आशाबाई, पत्र्याच्या घरात राहायचे. घराला एकच खिडकी, तीही गोठ्याकडे. मायचा सगळा जन्म त्या अंधाऱ्या खोलीत गेला. भर दुपारी बल्ब लावल्याशिवाय डाळीतला खडा दिसायचा नाही, आणि लाईट तर दुपारीच जायची. मग ती ताट घेऊन उंबऱ्यावर येऊन बसायची, ऊन असो की थंडी. मंजुषा लहानपणापासून म्हणायची, "माय, तुला मी असं घर बांधीन की दिवसा दिवा लावावाच लागणार नाही." लेकरं म्हणतात तसं हेही म्हणते, असं आम्ही धरून चाललो होतो.

अप्पांना मातीचं घर नको होतं. ओसरीवर तिनं कागद पसरला तेव्हा त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"मंजे, मातीतून निघायला माझ्या बापाचा जन्म गेला. लोकं स्लॅब टाकून राहिले, अन् तू मला मागं नेऊन राहिली. गाव काय म्हणंल? संतरामची पोरगी एवढी शिकली अन् बापाला मातीत ठेवलं?"

"अप्पा, गावाला राहायचंय का त्या घरात?"

"न्हाई. पण मला गावात राहायचंय."

याला उत्तर दिलं ते जमिनीनं. आमच्या भागात जमिनीच्या पोटातून गुरगुर ऐकू येते. कधी नुसताच आवाज, कधी फळीवरची भांडी हलतात, आणि लोक लेकरं काखोटीला मारून अंगणात येतात. त्या आठवड्यात असाच एक धक्का बसला आणि अप्पा-माय घाबरून रात्रभर बाहेर झोपले. सकाळी मंजुषानं अप्पांना समोर बसवलं.

"माणूस जड छपराखाली मरतं, अप्पा. जुन्या माळवदांच्या सपाट छपरावर हात-हात माती असायची, म्हणून ती जीव घ्यायची. मी माळवदच करणार आहे, पण हलकं. खाली अर्ध्या जाडीच्या लाकडी कड्या, त्यावर बांबू, वर चुना, आणि चुन्यावर फक्त चार बोटं माती. घर गार राहील, उजेड राहील, आणि हललं तरी जीव जाणार नाही."

अप्पा म्हणाले, "बांध. पण गळायला नको. गळलं की माझं तोंड गावात काळं झालं, अन् तुझंबी."

मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं या एका वाक्यातून झालं.

घर मात्र देखणं झालं. आमच्याच शेतातली माती चाळून, त्यात थोडा चुना मिसळून, हाताच्या यंत्रात दाबून विटा पाडल्या. भाजल्या नाहीत, नुसत्या सावलीत वाळवल्या. कड्या पाडलेल्या घरांतून आणल्या, जुन्या सागाच्या, मधोमध चिरून. काम रत्नपाल मिस्त्रींनी केलं. ते आयुष्यभर स्लॅबची कामं केलेले. सुरुवातीला नाक मुरडत होते, आणि शेवटी शेवटी भिंतीवरून हात फिरवत उभे राहायचे. पुढच्या खोलीच्या माळवदाला मंजुषानं मोठं साणं ठेवलं. साणं म्हणजे जुन्या धाब्याच्या घरांना उजेडासाठी छपरात असायचं ते भोक. हिनं त्यावर जाड काच बसवली. संध्याकाळसाठी कठड्यावर सोलरची पाटी आणि घरात छोटे दिवे. दिवसा एकही नाही.

आणि माळवदाच्या कठड्याला आतून तिनं भाजलेल्या लाल विटांचा एक थर चारी बाजूंनी फिरवून घेतला. बाकी सगळं मातीच्या रंगाचं आणि मधूनच ही लाल रेघ. मी विचारलं, हे कशाला. ती अप्पांना घेऊन वर चढली आणि रेघेवर बोट ठेवून सांगितलं, "अप्पा, माती ह्या रेघेच्या खाली राहिली पाहिजे. कधी नवी टाकायची झाली तर आधी तेवढीच जुनी काढायची. रेघ बुजली तर धोका आहे असं समजायचं."

"समजलं," अप्पा म्हणाले.

त्या घरात मायला मी जसं पाहिलं तसं आधी कधीच पाहिलं नव्हतं. साण्यातून उन्हाचा एक चौकोनी तुकडा जमिनीवर पडायचा आणि दिवसभर सरकत जायचा. माय त्याच्याबरोबर सरकायची. सकाळी भिंतीपाशी तांदूळ निवडायची, दुपारी खोलीच्या मध्ये शेंगा फोडायची, तिसऱ्या प्रहरी चुलीपाशी. उजेड कुठे पोचला यावरून ती अप्पांच्या भाकरीची वेळ ओळखायला लागली. एकदा मी गेलो तर ती नुसतीच हात उन्हात धरून बसली होती. मी म्हटलं, "माय, काय करून राहिली?" तर म्हणे, "काई न्हाई रे. माझे हात बघून राहिले. किती दिवसांनी दिसले." मला तेव्हा बहिणीचा अभिमान वाटला आणि स्वतःच्या दुकानाचा थोडा राग आला.

गावही नरमलं. उन्हाळ्यात दुपारी शेजारची जिवनबाई, जी सगळ्यात जास्त हसली होती, तीच मायच्या खोलीत येऊन आडवी व्हायला लागली. ग्यानबा उपसरपंच होता. त्यानं ग्रामपंचायतीत विषय काढला की नवी अंगणवाडी मंजुषाताईंकडून अशीच बांधून घेऊ, लेकरं पत्र्याखाली भाजून निघतात. ठराव झाला, फक्त निधी यायचा राहिला. मंजुषानं आनंदानं मला फोन केला. अंगणवाडीला तीन साणी ठेवणार होती ती.

पहिल्या पावसाळ्यात साण्याच्या कडेला थोडं पाणी झिरपलं. थोडं म्हणजे किती, तर मायनं खाली वाटी ठेवली आणि ती दिवसभरात भरली नाही. काचेच्या कडेला चुना नीट बसला नव्हता, एवढंच. मंजुषाला कळवलं असतं तर एका खेपेत काम झालं असतं. पण ती वाटी जिवनबाईनं पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी अप्पांना विचारलं, "का हो, लेकीच्या घरात मासे सोडले का?"

अप्पा घरी आले ते जेवलेच नाहीत. मायला म्हणाले, "मंजीला सांगू नगंस. तिला तिकडं तकलीफ. मी बघतो."

त्यांच्या बापानं, आज्यानं जे केलं तेच त्यांनी केलं. आमच्याकडे माळवदाला दरसाल उन्हाळ्यात पांढरी माती द्यायची रीत होती. जुन्या गढीपाशी ती चिकट माती मिळते. ती आणायची, भुसा घालून मळायची, छपरावर पसरायची आणि लाकडी धुम्मसानं ठोकायची. जुनी काढायची नाही. जुनी काढणं म्हणजे घराचं कातडं सोलणं, असं म्हातारे मानायचे. देवाला नवं वस्त्र चढवावं तशी ही माती चढायची. म्हणून तर जुन्या माळवदांवर हात-हात माती साठायची. पण त्यांच्या खाली मांडीएवढ्या जाड तुळया असायच्या. इथं अर्ध्या चिरलेल्या कड्या होत्या.

अप्पांनी पुढच्या उन्हाळ्यात माती दिली. झिरपणं थांबलं. पुढच्या पावसाळ्यात साण्याच्या भोवतीची माती काचेपेक्षा वर आली होती, म्हणून पाणी उलटं काचेवर साचलं आणि पुन्हा झिरपलं. त्यांनी पुन्हा माती दिली, जास्त. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अजून. सत्तरीचा माणूस टोपली डोक्यावर घेऊन शिडीनं वर चढायचा, आणि लोक म्हणायचे, संतराम घराला लेकरावानी जपतो. ते खरंच जपत होते. मंजुषा दिवाळीला यायची तेव्हा वर जाऊन पाहते म्हणायची. अप्पा सांगायचे, शिडी शेतात नेली, शिडीचा दांडा मोडला. तिला गळतीची डागडुजी दिसू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. ती पुण्याच्या गडबडीत, दोन दिवसांसाठी आलेली; मायच्या हातची भाकरी खाऊन निघून जायची.

श्रावणात झड लागली होती. सूर्य दिसला नव्हता. माळवदावरची सगळी माती पाणी पिऊन फुगली असणार. त्या दिवशी मात्र सकाळीच उघाड पडली. मी दुकानाचं शटर वर केलं आणि पायाखालची फरशी हलली. फार नाही. थप्पीवरचं एक पोतं घसरलं, रस्त्यावर लोक ओरडत बाहेर आले, आणि लगेच सगळं शांत झालं. चहाच्या टपरीवर लोक हसायलाही लागले. तेवढ्यात जिवनबाईचा फोन आला. ती फोनवर नुसती रडत होती. मी गाडीला किक मारली.

गावात एकही घर पडलं नव्हतं. पत्र्याची, विटांची, पार जुनी मोडकळीला आलेली, सगळी जागच्या जागी होती. फक्त आमच्या घराची पुढची खोली बसली होती. अप्पा गोठ्यात होते म्हणून वाचले. उघाड पडली म्हणून माय ताट घेऊन साण्याखाली जाऊन बसली होती. गावातल्या लोकांनी हातानं माती उपसली. तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या मुठीत तांदूळ होते. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मंजुषा दुपारी पोचली. रडली नाही. मायच्या केसांतली माती बोटानं काढत बसली, उचलायची वेळ होईपर्यंत. लोक तिच्याकडे बघत होते, आणि काय बघत होते ते मला दिसत होतं. स्मशानातून परतताना मागून आवाज आला, "मातीच्या घरात कोंबलं बाईला. शिकलेल्याची हौस, अन् म्हातारीचा जीव." मी मागं वळलो. माझ्या बायकोनं, कोमलनं, मला धरून पुढं नेलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो. पंचनामा करायला माणूस आला होता. तो वर चढला नाही. खालूनच फोटो काढले. अर्धं गाव अंगणात होतं. अप्पा लिंबाखालच्या दगडावर बसले होते. मायच्या जाण्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. मंजुषानं शिडी मागितली. मागची खोली आणि तिच्यावरचं माळवद अजून उभं होतं. मी शिडी धरली, आणि ती वर गेल्यावर तिच्या मागं चार पायऱ्या चढून कठड्यावरून आत पाहिलं.

आत लाल रेघ नव्हती.

मंजुषा कठड्यापाशी गुडघ्यावर बसली आणि ओली माती बोटांनी उकरायला लागली. वरची पांढरी, तिच्याखाली पिवळसर, तिच्याखाली गवताची मुळं असलेली काळपट. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा खाली लाल वीट लागली. ती तशीच बसून राहिली, हात मातीत घातलेला. मला सगळं कळलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं बांधलेलं घर उभं राहिलं असतं. त्यावर दुसरं एक घर चढवलं होतं.

मी म्हणणारच होतो, सगळ्यांना वर बोलवा, बघा म्हणावं. पण तिनं तो खड्डा माती लोटून बुजवायला सुरुवात केली. बुजवला, आणि वरून तळव्यानं थापून सारखा केला.

"मंजे, हे काय करून राहिली तू?"

"गप, दादा."

ती खाली उतरली. हात मातीनं भरलेले. ग्यानबाच बोलला, जरा नरमाईनंच, "ताई, कशानं झालं म्हणायचं?"

"कड्या कमी जाडीच्या घेतल्या मी," ती म्हणाली. "हिशेब माझा चुकला."

पंचनाम्यावाल्यानं ते लिहून घेतलं. जिवनबाईनं पदर तोंडाला लावला. मी अप्पांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

गोठ्यात गाठून मी तिच्यावर ओरडलो. एवढा राग मला तिचा कधीच आला नव्हता. "तुझं नाव गेलं, कळतंय का? अंगणवाडी गेली. उद्या कोणी तुला कुत्र्याचं खुराडं बांधायला देणार नाही."

"मग काय सांगू? अप्पांनी मायला मारलं म्हणून सांगू?" ती हळू आवाजात बोलत होती. "दादा, त्यांना काहीच ठाऊक नाही. त्यांना वाटतं त्यांनी घर जपलं. हे कळलं तर ते महिनाभरसुद्धा जगायचे नाहीत. माझं नाव काय, मी तरुण आहे, दुसरं काहीतरी करीन. तू मायची शपथ घे, बोलणार नाहीस."

मी शपथ घेतली. चूक की बरोबर हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढं सगळं मी म्हटलं तसंच झालं. अंगणवाडीचा ठराव फिरवला, स्लॅबची मंजूर झाली. आणखी दोघातिघांनी तिच्याकडून नकाशे घेतले होते, त्यांनी ते परत पाठवले, जणू त्या कागदांनाच विटाळ झाला होता. धोकादायक म्हणून ग्रामपंचायतीनं उरलेलं घर यंत्र लावून पाडलं, आणि लाल विटांची ती रेघही ढिगाऱ्यात गेली. मंजुषा पुण्यात एका मोठ्या कंपनीत लागली. काचेच्या इमारती करतात ते. मी एकदा तिच्या ऑफिसात गेलो होतो. सगळीकडून काच, आणि आत भर दुपारी ओळीनं दिवे जळत होते. ती म्हणाली, "पडदे लावावे लागतात रे, ऊन फार येतं." आणि आमच्यात पुन्हा हा विषय निघाला नाही.

अप्पा आमच्याकडे बाळापूरला आले. खायचे, झोपायचे, कोमलशी दोन शब्द बोलायचे. वर्ष होत आलं. उन्हाळ्याच्या अखेरीस एक दिवस कोमल म्हणाली, "अप्पा गच्चीवर जाऊन बसून राहिले. टोपलं मागत होते." मी वर गेलो. ते तापलेल्या स्लॅबवर अनवाणी उभे होते, कठड्याच्या आतल्या बाजूला हात लावून.

"इथं रेघ न्हाई," ते म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून सावलीत घेतलं.

"शिवा, तिनं ती रेघ उकरून काढली. मी खालून बघत होतो. तिच्या हाताला लाल विटेचा चुरा होता. मग तिनं परत बुजवली. माझ्यासाठी बुजवली. अन् मी दगडावर बसून राहिलो. समदं गाव तिच्यावर थुंकून राहिलं, अन् माझं तोंड उघडलं न्हाई."

मंजुषाचा अंदाज चुकला होता. त्यांना त्या दिवसापासूनच ठाऊक होतं, आणि ते जगत होते. असं जगण्यापेक्षा काय बरं, ते मला सांगता येत नाही.

"मला गावात ने," ते म्हणाले. "तिचं नाव तिला परत द्यायचंय."

अंगणवाडीचा स्लॅब पडायचा दिवस होता. सिमेंट माझ्याच दुकानातून गेलेलं. सगळे तिथं जमले होते, ग्यानबा, पंच, बायका. माल कालवायचं यंत्र घरघरत होतं. अप्पा गाडीवरून उतरले, धोतर झटकलं आणि थेट ग्यानबापाशी गेले. हात वर करून यंत्र बंद करायला लावलं. पारावर कधी मोठ्यानं न बोललेला माणूस, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आशाबाईला मी मारलं. मंजीचं घर बराबर होतं. तिनं रेघ मारून दिली होती, तिच्यावर माती नको म्हणाली होती. मी तीन वर्सं माती चढवली. गळू नये म्हणून. तुमी हसू नये म्हणून. मी चढवलेल्या वजनानं पडलं ते घर."

मला वाटलं, आता फिरेल, आता सगळं फिरेल. जिवनबाई रडायला लागली. ग्यानबानं पुढं होऊन अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अप्पा, लेकीसाठी बाप एवढं करतोच. झालं गेलं. आमी काई मनात ठेवलं न्हाई तिच्याबद्दल. बसा, चहा घ्या."

"मी खोटं न्हाई बोलून राहिलो."

"खोटं कोण म्हणतं? बसा तुमी."

"खरं आहे ते," मी म्हणालो. शपथ तिथंच मोडली. "मी डोळ्यांनी पाहिलंय. कोपरभर माती होती."

"तुमी भाऊच हाव तिचे," मागून एक जण म्हणाला, आणि ते वाईट म्हणून नव्हतं, समजूत घालावी तसं होतं.

वर सळ्यांवर रत्नपाल मिस्त्री उभे होते. ते म्हणाले, "रेघ मीच बसवली होती. चार बोटांची होती माती." खाली एक जण हसला. "मिस्त्री, घर तुमीच बांधलं, तुमी तर बोलूच नका." मिस्त्रींनी खाली बघितलं आणि थापी उचलली.

कोणीतरी यंत्र सुरू केलं. माल थांबवता येत नाही, घट्ट होतो. हे मलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक आहे. अप्पांच्या हातात चहाचा कप दिला गेला. त्यांनी तो प्यायला नाही, खालीही ठेवला नाही. अंगणवाडीच्या खोलीत अजून खिडक्या बसल्या नव्हत्या, आणि आत काम करणाऱ्यांसाठी दिवसाढवळ्या एक बल्ब लावलेला होता. अप्पा त्या बल्बकडे बघत होते.

संध्याकाळी मंजुषाचा फोन आला. गावातून तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी फोन अप्पांना दिला आणि तिथंच बसून राहिलो. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"अप्पा, काहून सांगितलं हो?"

"तुझं नाव होतं ते. माझ्याकडं ठेवून काय करू?"

तिनं विचारलं, "काय म्हणाले लोक?"

अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणाले, बाप असावा तर असा."